थारच्या वाटेवर थांबावे कोठे आणि विचारावे काय

राजस्थानची सहल करून आलेल्या महाराष्ट्रीय कुटुंबास काय काय पाहिले असे विचारले, तर जोधपूरचा मेहरानगड, जैसलमेरचा सोनार किल्ला, समच्या वाळूवरील उंटाची फेरी आणि त्या फेरीनंतर तंबूत झालेले नाचगाणे एवढी यादी ती मंडळी एका दमात सांगतात. परंतु या दोन शहरांच्या मध्ये जो पावणेतीनशे किलोमीटरांचा रस्ता पसरलेला आहे, त्याविषयी पृच्छा केली असता ‘वाटेत काही नाही, नुसती झुडपे आणि वाळू’ असे उत्तर मिळते, आणि ते उत्तर देणारा गृहस्थ बहुधा त्या रस्त्यावर मोटारीच्या मागील बैठकीवर झोपलेला असतो. ज्यांना त्या रस्त्यावर जागे राहावयाचे आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे.

थारच्या वाटांवर नवलाईच्या जागांची वाण नाही. मोटारसायकलीचे देवस्थान आहे, उंदरांचे देऊळ आहे, केरसुण्यांचे संग्रहालय आहे, न फुटलेल्या तोफगोळ्यांची देवी आहे, आणि शापित म्हणून नावाजलेले एक ओसाड गावही आहे. अशा ठिकाणी उतरलेला प्रवासी घटकाभर हसतो, छायाचित्रे घेतो आणि पुढे निघतो. त्याच्या पदरी एक गंमत पडते व इतिहास मात्र जागच्या जागी राहतो. ही हानी टाळण्याचा माझ्या मते एक साधा उपाय आहे. कोणत्याही नवलापुढे उभे राहिले असता तेथील माणसास ‘हे खरे आहे काय’ असे विचारू नये, कारण त्या प्रश्नाने श्रद्धाळू मनुष्य दुखावतो आणि चतुर मनुष्य रंगवून सांगू लागतो. त्याऐवजी या जागेची वहिवाट कोणाकडे आहे, दिवा कोण लावतो, झाडलोट कोण करतो, दाणा कोठून येतो आणि हा शिरस्ता कोणाच्या वेळेपासून चालत आला, असे विचारावे. वाळवंटात ज्या वस्तूची निगा राखली जात नाही ती वाळूखाली जाते. तेव्हा रस्त्याच्या कडेला जे उभे आहे ते कोणाला तरी हवे आहे म्हणून उभे आहे, आणि ते कोणाला व कशासाठी हवे आहे याच्या शोधातच स्थानिक इतिहासाचा मोठा भाग हाती लागतो.

ऋतूविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. त्या दिवसांत दुपार सुखाची असते, परंतु पहाटेची थंडी कोकण-मुंबईकडच्या माणसाच्या अंदाजाबाहेरची असल्यामुळे लोकरीचे कपडे बरोबर असावेत. वैशाख-ज्येष्ठात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो आणि दुपारच्या वेळी हिंडणे हे धाडस नसून अविचार ठरतो. मुंबईहून जोधपूरला सूर्यनगरी एक्सप्रेस आणि बिकानेरला रणकपूर एक्सप्रेस जाते. जोधपूरला उतरून वर्तुळाकार मार्गाने फलोदी, पोकरण, जैसलमेर, बिकानेर, नागौर असे हिंडावे. मोटार भाड्याने घ्यावयाची असल्यास चालक मारवाडातलाच पाहावा, कारण कोणत्या ओट्यापुढे वाहनांचा वेग कमी होतो व कोणत्या खांबापुढे हात जोडले जातात हे त्याला न विचारता कळत असते, आणि तो जेथे हात जोडील तेथे थांबण्याची आपली तयारी असली की निम्मे मार्गदर्शन झाले. हिंदीने सर्वत्र भागते. संभाषणाच्या आरंभी ‘राम राम सा’ किंवा ‘खम्मा घणी’ म्हटले, तर पुढचे संभाषण सैल होते.

प्रारंभ मंडोरपासून करावा, असा माझा आग्रह आहे. १४५९ मध्ये राव जोधाने जोधपूर वसविले, त्यापूर्वी मारवाडची राजधानी मंडोर होती, आणि आज ते जोधपूरच्या उत्तरेस सुमारे नऊ किलोमीटरांवर एक गजबजलेले उद्यान होऊन राहिले आहे. तेथे राठोड राजांची लाल दगडातील ‘देवळे’, म्हणजे समाधिवास्तू, पाहण्यास लोक जातात. परंतु आपले काम त्यापलीकडील वीरांच्या दालानात आहे. अठराव्या शतकात खडकातच कोरलेल्या, वरून चुन्याचा गिलावा व रंग दिलेल्या त्या भव्य मूर्तींत देवादिकांबरोबर पाबूजी, रामदेवजी, हडबूजी, मेहाजी आणि गोगाजी असे घोड्यावर बसलेले स्थानिक वीर आढळतात. हे मारवाडचे ‘पाच पीर’ होत. त्यांची कथा थोडक्यात तरी ठाऊक असल्यावाचून पुढील रस्ता उलगडणार नाही, म्हणून पाबूजीपुरती सांगतो. कोळूच्या या राठोड वीराने देवल नावाच्या चारणीकडून केसर काळमी ही घोडी घेतली ती तिच्या गाईंचे रक्षण करण्याच्या वचनावर; पुढे उमरकोटास लग्न लागत असता गाई वळवून नेल्याची वार्ता आली, तेव्हा सप्तपदी अर्धी टाकून तो उठला, गाई सोडवल्या आणि त्या झुंजीतच पडला. मारवाडात उंट प्रथम त्यानेच आणले अशी उंटपाळ रेबारी समाजाची श्रद्धा असून, त्याची कथा चित्रित केलेला लांबलचक ‘फड’ उभारून, रावणहत्थ्याच्या साथीवर ती रात्रभर गाणारे भोपे आजही आहेत. अपमृत्यू, वचन आणि घोडी ही तीन सूत्रे मनात ठेवून मग पालीच्या रस्त्याला लागावे.

जोधपूर-पाली महामार्गावर, जोधपूरपासून सुमारे पन्नास व पालीपासून वीस किलोमीटरांवर, रोहटच्या पुढे चोटिला गावाजवळ ‘ओम बन्ना’चे देवस्थान आहे. बन्ना हे रजपूत तरुणास लावावयाचे आदराचे संबोधन आहे. चोटिल्याच्या ठाकुराचा मुलगा ओमसिंह राठोड हा १९८८ मध्ये येथे झाडावर मोटारसायकल आदळून मृत्यू पावला. पोलिसांनी गाडी ठाण्यात नेली, ती दुसऱ्या दिवशी अपघाताच्या जागी उभी आढळली; टाकीतील पेट्रोल काढून साखळदंडाने बांधली, तरी पुन्हा तेथेच आली; अखेर ती तेथेच राहू दिली, अशी कथा सांगतात. ३५० सी. सी.ची ती बुलेट, आरएनजे ७७७३ या क्रमांकाच्या पाटीसह, काचेच्या पेटीत हार घालून ठेवलेली आहे. शेजारी ते झाड लाल धाग्यांनी आणि बांगड्यांनी मढलेले आहे. आणि मालमोटारींचे चालक येथे उतरून नमस्कार करतात, निदान भोंगा वाजवून पुढे जातात.

शहरी पाहुण्याची पहिली प्रतिक्रिया थट्टेची होते, आणि त्यात त्याचा फारसा दोष नाही. परंतु मंडोरचे दालान पाहून आलेल्यास हे दृश्य अपरिचित वाटू नये. येथेही अकाली मृत्यू आलेला एक राठोड तरुण आहे, येथेही त्याचे वाहन त्याच्याइतकेच पूज्य झाले आहे, येथेही मरणानंतर त्याने वाटेने जाणाऱ्यांच्या रक्षणाचे काम पत्करले अशी भावना आहे. घोडीच्या जागी बुलेट आली आणि गाईंच्या जागी प्रवासी आले, एवढाच फरक. लोकदैवते कशी घडतात याची प्रक्रिया ग्रंथांत वाचावयाची असेल तर शतकांचा हिशेब करावा लागतो. येथे ती हयात माणसांच्या आठवणीत घडलेली आहे. चालकांशी बोलावे, ढोल वाजवून गाणाऱ्यांचे ऐकावे. येथे मद्य अर्पण करण्याची चाल आहे हे मात्र वाचकांस आधीच सांगून ठेवतो, आणि अपघातात गेलेल्या तरुणाच्या स्मरणार्थ महामार्गाच्या कडेला दारू वाहण्यात जो विरोधाभास आहे तो भाविकांच्या कसा ध्यानात येत नाही, याचे मला राहून राहून नवल वाटते. आपल्या चालकाने तो प्रसाद घेऊ नये, एवढे निक्षून पाहावे.

जोधपूरजवळच मोकलावास गावी ‘अरणा-झरणा’ नावाचे संग्रहालय आहे, आणि त्यातील मुख्य संग्रह केरसुण्यांचा आहे. लोकसंस्कृतीचे थोर अभ्यासक कोमल कोठारी (१९२९-२००४), ज्यांनी विजयदान देथा यांच्यासमवेत १९६० मध्ये बोरुंदा येथे रूपायन संस्थानाची स्थापना केली, त्यांच्या कल्पनेतून ते उभे राहिले. राजस्थानचे विभाग जुन्या संस्थानांच्या सरहद्दींवरून न पाडता लोक काय खातात यावरून पाडावेत, बाजरीचा मुलूख, ज्वारीचा मुलूख आणि मक्याचा मुलूख असे ते तीन ओळखावेत, असे कोठारी म्हणत. आणि केरसुणीचा विचारही त्याच दृष्टीचा आहे. कोणत्या मुलखात कोणते गवत उगवते, ते कोण कापतो, केरसुणी कोण बांधतो, घराच्या आतली वेगळी आणि अंगणातली वेगळी का, ती उभी का ठेवीत नाहीत, या प्रश्नांतून एक अख्खा समाज उभा राहतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी केरसुणीला हळद-कुंकू वाहणाऱ्या मराठी घरातील माणसास या संग्रहालयात परके वाटण्याचे कारण नाही. किल्ल्यातील तलवारींच्या दालनात घालविण्याचा वेळ अर्धा करून तो येथे द्यावा. तलवारी सर्वत्र सारख्याच असतात.

जोधपूरच्या आग्नेयेस सुमारे पंचवीस किलोमीटरांवर खेजडली आहे. १७३० साली महाराजा अभयसिंहाच्या बांधकामासाठी चुनाभट्ट्यांना लाकूड हवे होते, आणि दरबारी हुकुमाने माणसे झाडे तोडावयास आली, तेव्हा अमृतादेवी या बिश्नोई स्त्रीने झाडास मिठी मारली व ती कापली गेली. तिच्यामागून तिच्या मुली आणि मग गावोगावचे बिश्नोई येत गेले, आणि मृतांची संख्या ३६३ वर पोहोचली. जांभोजींनी १४८५ मध्ये घालून दिलेल्या एकोणतीस नियमांचा हा पंथ. हिरवे झाड न तोडणे आणि जीवदया पाळणे हे त्यांपैकी. भाद्रपद शुद्ध दशमीस येथे मेळा भरतो. इतर दिवशी गाव शांत असते, आणि भोवतालच्या शेतांत काळवीट माणसांस न बुजता चरताना दिसतात. ज्या वृक्षासाठी हे घडले तो खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमीच होय, आणि तिच्या वाळवलेल्या शेंगा म्हणजे ढाब्यावर मिळणाऱ्या केर-सांगरीतील सांगरी. बाजरीचा सोगरा, कढी आणि ही भाजी मागवावी, आणि दुष्काळात या एका झाडावर माणूस आणि जनावर कसे तगून राहत, ते ढाब्यावरील वयस्क माणसास विचारावे. पनीर मागविणाऱ्यास या भागाचे काहीच कळणार नाही.

जैसलमेरला जाताना ओसियां, फलोदी, रामदेवरा, पोकरण असा मार्ग धरावा. फलोदीच्या शेजारी खीचन गावी थंडीच्या दिवसांत कुरजां पक्षी, म्हणजे क्रौंचकुळातील करड्या रंगाचे लहान करकोचे, मध्य आशियाकडून हजारोंच्या संख्येने येतात, आणि गावकरी त्यांना ‘चुग्गाघर’ नावाच्या कुंपण घातलेल्या अंगणात रोज धान्य घालतात. सूर्योदयापूर्वी पोहोचावे, जवळच्या घराच्या गच्चीवरून पाहण्याची परवानगी सहसा मिळते, मोठ्याने बोलू नये, भडक कपडे घालू नयेत. पक्षी उडून गेले की बहुतेक मोटारी परत फिरतात, आणि तेथेच चूक होते, कारण तांबड्या दगडाच्या कोरीव हवेल्यांच्या गल्ल्या त्यानंतरच निवांत पाहता येतात. त्यांपैकी कित्येकांस कुलुपे आहेत. व्यापारासाठी परमुलखांत गेलेल्या ओसवाल जैन कुटुंबांची ही घरे. आपल्या खानदेशातील वा नगरकडील एखाद्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या दुकान चालविणाऱ्या मारवाडी कुटुंबाचे मूळ गाव अशाच कोठल्या तरी ठिकाणी असते, आणि पक्ष्यांच्या दाण्यासाठी पैसा कोठून येतो हे विचारले असता त्या पेठांचा आणि या अंगणाचा संबंध स्पष्ट होऊ लागतो.

फलोदी आणि पोकरण हे मारवाडच्या त्या सात परगण्यांपैकी होत, ज्यांची गाववार नोंद महाराजा जसवंतसिंहाचा दिवाण मुहणोत नैणसी याने सतराव्या शतकात ‘मारवाड रा परगना री विगत’ या ग्रंथात केली. गावात कोणत्या जातींची वस्ती आहे, विहिरी व तळी किती, महसूल काय, असा तो तपशील वाचताना एखाद्या दक्ष कारभाऱ्याचे दप्तर उघडल्यासारखे वाटते. एवढी सेवा करूनही नैणसी राजाच्या मर्जीतून उतरला, कैदेत पडला आणि १६७० मध्ये भावासह त्याने आत्मघात करून घेतला. जोधपुरातील राजस्थानी ग्रंथागार या पुस्तकविक्रेत्यांकडे अशा ग्रंथांच्या आवृत्त्या विचाराव्यात. ज्या गावी जावयाचे त्या गावाची नोंद आधी वाचून गेलेल्या माणसास वाळूतील एका कोरड्या तळ्यानेही थांबविले पाहिजे.

रामदेवऱ्यास रामदेवजींच्या समाधीभोवतीचे मंदिर बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांनी १९३१ मध्ये बांधविले. हिंदू रामदेवजींना अवतार मानतात, मुसलमान रामसा पीर म्हणतात; नवस फेडताना कापडाचे घोडे वाहतात, आणि दुकानांत लहानमोठ्या आकाराचे ते घोडे टांगलेले दिसतात. भाद्रपदात जोधपूर-पोकरण रस्ता पताका घेतलेल्या पायी यात्रेकरूंनी भरून जातो व त्यांच्यासाठी जागोजाग अन्नछत्रे लागतात. पंढरीची वारी पाहिलेल्यास हे दृश्य अवश्य पाहावेसे वाटेल. पण त्या दिवसांत रात्री मोटार हाकू नये.

या सबंध प्रवासात रस्त्याच्या कडेला, तळ्याच्या काठी किंवा गावाच्या शिवेवर उभे दगड आढळतात, त्यांना देवळी म्हणतात. आपल्याकडील वीरगळ आणि सतीशिळा ओळखणाऱ्यास ते वाचण्याची निम्मी विद्या आधीच अवगत असते. घोडेस्वार कोरलेला असेल तर तो लढाईत पडलेला. शेजारी हात जोडलेली स्त्री असेल तर ती त्याच्या मागे सती गेलेली. गाई सोडविताना मेलेल्यास भोमिया म्हणून पूजितात, आणि मस्तक तुटल्यावरही धड लढत राहिले अशी ज्याची ख्याती तो झुंझार. खालच्या ओळींत संवत, तिथी व नाव असते. अक्षरे दिसत नसल्यास त्यावर पाणी, खडू किंवा कोळसा लावू नये. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घेतले की ती आपोआप उठून येतात. शेंदूर लावलेली देवळी पूजेतली असते. तिला हात लावण्यापूर्वी विचारावे.

आता कुलधरा. जैसलमेरच्या नैर्ऋत्येस सतरा-अठरा किलोमीटरांवरील हे पालीवाल ब्राह्मणांचे गाव एकोणिसाव्या शतकात ओस पडले, आणि त्याची जी कथा मार्गदर्शक सांगतात ती अशी: जैसलमेरचा जुलमी दिवाण सालिमसिंह याची एका पालीवाल मुलीवर वाईट नजर पडली, त्याने मुदत घातली, आणि अब्रू राखण्यासाठी चौऱ्यांशी गावे एका रात्रीत उठून गेली, जाताना येथे पुन्हा कोणी वसणार नाही असा शाप देऊन गेली. यावर अलीकडे भुताखेतांचा साज चढला असून, रात्री तेथे थांबून दाखविण्याच्या पैजा लागतात. कथा टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. सालिमसिंह ही ऐतिहासिक व्यक्ती आहे, त्याची मोरपिसाऱ्यासारख्या सज्ज्यांची हवेली जैसलमेरात उभी आहे, आणि त्याच्या पिळवणुकीची नोंद कर्नल टॉडनेही केलेली आहे. तेव्हा जुलमाची आठवण खरी, मात्र तिला एका मुलीची आणि एका रात्रीची आकृती लोकांनी दिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या नोंदींतही येथे थोडी वस्ती आढळते. म्हणजे गाव हळूहळू रिते होत गेले. वाढता कर हे एक कारण. विहिरींचे पाणी खालावणे हे दुसरे. आणि तिसऱ्याचा संबंध आपल्या मुंबईशी आहे. सिंधकडे जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांवर जैसलमेरची पेठ उभी होती, आणि पालीवाल शेतकरी होते तसेच सावकार-व्यापारीही होते. मुंबई बंदर भरभराटीस येऊन व्यापार जहाजांकडे वळला तसतसा या मरुमार्गाचा आधार सुटत गेला. भूकंपाने घरे पडली असावीत, असेही मत अलीकडे अभ्यासकांनी मांडले आहे.

कुलधऱ्यात मग पाहावे काय? भिंतींवर चढून छायाचित्रे घेण्याऐवजी सरळ रस्त्यांची आखणी, घरामागील बैलगाडीच्या जागा, काकनी नदीचे कोरडे पात्र, पायऱ्यांची विहीर आणि स्मशानाकडील देवळ्या पाहाव्यात. यांतील काहींवरील लेख भाटिक संवतातले, तेराव्या शतकाइतके जुने आहेत. परंतु पालीवालांचे खरे स्मारक गावाबाहेर आहे, आणि त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. ते म्हणजे खडीन. खडकाळ उंचवट्यांवर पडलेला पाऊस जेथे उतरतो त्या सखल भागाच्या खालच्या बाजूस मातीचा लांब बांध घालावयाचा, अधिक झालेल्या पाण्याला एका बाजूने वाट ठेवावयाची, पावसाळाभर पाणी जमिनीत मुरू द्यावयाचे, आणि ते ओसरल्यावर त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा पेरावयाचा. अशी ही रीत. वर्षाकाठी जेमतेम वीस सेंटिमीटरांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात, विहिरीच्या पाण्याचा थेंब न देता, त्यांनी गहू पिकविला. पाण्याबरोबर वाहून आलेला गाळ दरसाल खताचे काम करी, आणि साचलेल्या पाण्याने जमिनीतील खारटपणा खाली दबला जाई. शिवाय जमीन राज्याची, श्रम पालीवालांचे आणि उत्पन्नात राज्याचा हिस्सा, असा व्यवहार असल्यामुळे दिवाणाचा हात त्यांच्या कणगीपर्यंत पोहोचणे किती सोपे होते तेही ध्यानात येते. कुलधऱ्याहून पुढे खाभ्याच्या गढीवर जावे. तेथून खालची उजाड वस्ती आणि दूरवरचे सपाट खडीन एका दृष्टिक्षेपात येते, आणि डिसेंबर-जानेवारीत गेल्यास त्या तपकिरी प्रदेशात मध्येच हिरव्या गव्हाचा चौकोन दिसतो. हे खडीन आज कोण कसतो, बांध फुटला तर कोण बांधतो, हे विचारण्यासारखे आहे. आणि एक विनंती: दगड उचलून आणू नयेत. हे संरक्षित स्थळ आहे.

बाडमेरच्या रस्त्यावर आकल येथे जुरासिक काळातील, सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांची दगड झालेली खोडे उघड्यावर पडलेली आहेत. जाळीखालील लाकडे पाहून पाहुणे निराश होतात. त्या वेळी येथे जवळच समुद्र होता, हे आठवून पाहिल्यास इतके निराश होणार नाहीत. तासाभरात आटोपते.

तनोट मात्र पूर्ण दिवसाचे काम आहे. जैसलमेरहून सुमारे एकशेवीस किलोमीटर, वाटेत रामगढ हे शेवटचे बरेसे गाव. तेथे इंधन, पाणी आणि फराळ यांची तजवीज करून घ्यावी, पुढे भ्रमणध्वनीवरही भिस्त ठेवू नये. तनोटमातेच्या देवळाची वहिवाट सीमा सुरक्षा दलाकडे आहे. पूजा जवान करतात, आरती जवान गातात, आणि १९६५ च्या युद्धात परिसरात पडूनही न फुटलेले गोळे काचेच्या कपाटांत मांडून ठेवलेले आहेत. गोळे मऊ वाळूत पडल्यामुळे फुटले नसावेत, असा तर्क करणाऱ्याने तो मनात ठेवावा. ज्यांनी त्या चौक्यांवर रात्री काढल्या त्यांच्या श्रद्धेशी वाद घालण्याची ती जागा नव्हे. परतताना लोंगेवाला येथे उतरावे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंह चांदपुरी यांच्या हाताखालील २३ पंजाब पलटणीच्या एका कंपनीने रणगाड्यांची चाल उजाडेपर्यंत थोपवून धरली, आणि रात्री उडू न शकणारी हंटर विमाने पहाटे जैसलमेरहून आल्यावर उघड्या वाळूत रुतलेल्या रणगाड्यांस आसरा उरला नाही. हस्तगत रणगाडे तेथे ठेवलेले आहेत. त्यांच्यावर चढलेली मुले पाहण्यापेक्षा टेकाडावरून भोवतालची भूमी पाहावी, म्हणजे ही चौकी त्या उंचवट्यावर का होती ते कळते. तनोटपलीकडे परवानगीवाचून जाता येत नाही, आणि लष्करी वाहनांची छायाचित्रे घेऊ नयेत.

बिकानेरच्या दक्षिणेस तीस किलोमीटरांवरील देशनोकचे करणीमातेचे देऊळ आता जगभर उंदरांमुळे ठाऊक झाले आहे. उंदरांना तेथे ‘काबा’ म्हणतात. ते देवीच्या चारण कुळातील मृतांचे रूप मानले जातात, आणि पांढरा दिसणे शुभ समजतात. अनवाणी जावे लागते. पाय उचलून न टाकता सरकवीत चालावे, म्हणजे जीव पायाखाली येत नाही. किळस येत असेल त्याने बाहेरच थांबावे, आत जाऊन किंचाळू नये. बाहेर थांबणाऱ्याचेही नुकसान नाही, कारण देवळाभोवती बोरीच्या झाडांचे विस्तीर्ण ‘ओरण’ आहे, देवीच्या नावाने राखलेले, जेथे लाकूड तोडत नाहीत आणि ज्याची भाविक प्रदक्षिणा करतात. सह्याद्रीतील देवराई जाणणाऱ्यास याचे मर्म सांगावयास नको. वाळवंटात मात्र ओरण हे गुरांचे चराऊ रान आणि पाण्याचे पाणलोट असे दुहेरी काम करते, आणि म्हणून त्याच्या सीमेवरून आजही तंटे होतात. जैसलमेरकडे सौर आणि पवनऊर्जेच्या प्रकल्पांमुळे ओरणांचा प्रश्न धगधगता आहे. गुराख्यांशी बोलल्यास सविस्तर ऐकावयास मिळेल.

परतीच्या वाटेवर नागौर लागते, आणि तेथे मराठी प्रवाशाने किल्ल्याबरोबर गावाजवळील ताऊसर विचारीत जावे. जोधपूरच्या गादीच्या तंट्यात रामसिंहाची बाजू घेऊन जयाप्पा शिंदे मारवाडात उतरले, विजयसिंहास त्यांनी नागौरच्या किल्ल्यात कोंडले, आणि वेढा चालू असता जुलै १७५५ मध्ये छावणीतच मारेकऱ्यांकडून त्यांचा खून झाला. त्यांची छत्री ताऊसरला आहे. वेढा पुढे त्यांचे बंधू दत्ताजींनी चालविला, आणि अखेर विजयसिंहास अजमेर व मोठी खंडणी कबूल करावी लागली. बुराडीच्या घाटावरचे दत्ताजी आणि पानिपतावरचे जनकोजी आपल्या शाळकरी मुलांसही ठाऊक असतात. त्याच घरातील कर्त्या पुरुषाचा अंत या रेताड मुलखात झाला हे थोड्यांच्या ध्यानात असते. येथील लोकांच्या बोलण्यात मराठे बहुधा खंडणीसाठी आलेले परके लष्कर म्हणून येतात, आणि ते ऐकून घेताना आपल्या बाजूचे समर्थन करावयाची घाई करू नये. दख्खनचे घोडे येथील विहिरींवर उतरले तेव्हा गावकऱ्यांच्या गुरांना काय उरले असेल, याचा अंदाज एव्हाना प्रवाशास आलेला असतो.

हाताशी अर्धा दिवस असल्यास मेडत्यास जावे. मीराबाईचे हे माहेर, चारभुजेचे देऊळ तिच्या नावाशी जोडलेले. आणि गावाजवळच्या डांगावासच्या मैदानावर सप्टेंबर १७९० मध्ये महादजी शिंद्यांच्या पदरच्या द बॉयन या सेनानीने शिकविलेल्या पायदळाने राठोड घोडदळाचा मोड केला. मेडता रोड हे रेल्वेचे स्थानक मूळ मेडता शहरापासून पंधरा किलोमीटरांच्या आसपास दूर आहे, तेव्हा मुंबईची गाडी पकडावयाची असेल त्याने शहरातून वेळ राखून निघावे.